मतदानाच्या आकड्यांत सापडलेले न्यूट गिंग्रिच

१० मे १९८४. अमेरिकी संसदेचं कनिष्ठ सभागृह असलेल्या प्रतिनिधिगृहाचं दिवसभराचं कामकाज आटोपलं होतं आणि रिपब्लिकन सदस्य रॉबर्ट वॉकर डेमोक्रॅट पक्षावर तुटून पडले होते. सी-स्पॅन वाहिनीवर ते भाषण पाहणाऱ्यांना वाटत होतं की समोर डेमोक्रॅट बसलेत आणि त्यांना उत्तर सुचत नाहीये. इतक्यात कॅमेरा वळला. सभागृहात चिटपाखरूही नव्हतं. कॅमेरा फिरवायला सांगितलं होतं खुद्द सभापती टिप ओ'नील यांनी.

रात्रीच्या या भाषणांमागचा मेंदू वॉकर यांच्याच पक्षाचे न्यूट गिंग्रिच यांचा होता. पाच दिवसांनी गिंग्रिच आणि ओ'नील यांची सभागृहात समोरासमोर जुंपली. आपल्या ३२ वर्षांच्या कारकिर्दीत इतका हीन प्रकार पाहिला नाही, असं ओ'नील रागाच्या भरात बोलून गेले. हे शब्द नियमबाह्य ठरले, सभापतींनाच माघार घ्यावी लागली आणि जॉर्जिया राज्यातला एक मागच्या बाकावरचा सदस्य देशभरच्या बातम्यांत झळकला.

गिंग्रिच मूळचे इतिहासाचे प्राध्यापक. दोनदा पडून १९७८ मध्ये निवडून आले. त्यांनी शपथ घेतल्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९७९ मध्ये, प्रतिनिधिगृहाचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. तिथे १९५५ पासून सलग डेमोक्रॅटांचं बहुमत होतं आणि जुने रिपब्लिकन नेते तडजोडी करून पदरात पडेल ते घेत होते. गिंग्रिच यांचा हिशेब वेगळा होता. दोन्ही पक्ष मिळून मिसळून कायदे करत राहिले, तर मतदार बहुमतातल्या पक्षाला घरी कशाला बसवतील? म्हणून प्रत्येक प्रश्नावर फरक दिसला पाहिजे, आणि तो टीव्हीवर दिसला पाहिजे.

एका माणसाचा असा प्रभाव मोजता येतो का? राज्यशास्त्रज्ञांकडे त्यासाठी एक सुंदर साधन आहे. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थाल यांनी १९८० च्या दशकात 'नॉमिनेट' ही पद्धत तयार केली. तिच्यात विधेयक कशाबद्दल आहे हे संगणकाला सांगितलंच जात नाही. हो म्हणणारे कोण आणि नाही म्हणणारे कोण, एवढंच सांगायचं. गावजेवणात कोण कोणाच्या शेजारी बसतं हे वर्षानुवर्षं टिपून ठेवलं, तर भांडणं ठाऊक नसतानाही गावातले गट कळतात. तसंच हे. नेहमी एकत्र मतदान करणारे सदस्य पट्टीवर जवळ येतात, विरुद्ध करणारे लांब जातात. पट्टी साधारण उणे एक ते अधिक एक अशी, डावीकडे उदारमतवादी, उजवीकडे परंपरावादी. आपल्याकडे पक्षांतरबंदी कायद्यामुळे खासदाराला पक्षादेश मोडणं महागात पडतं, त्यामुळे असं मोजमाप फारसं काही सांगणार नाही. अमेरिकेत सदस्य पक्षाविरुद्ध बिनदिक्कत मत देऊ शकतो. म्हणूनच तो कोणाबरोबर मत देतो याला अर्थ आहे.

या पट्टीवर १९७१-७२ च्या प्रतिनिधिगृहात दोन्ही पक्षांची चांगलीच सरमिसळ दिसते. सर्वांत उदार रिपब्लिकन आणि सर्वांत परंपरावादी डेमोक्रॅट यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात दीडशेहून जास्त सदस्य होते. २००२ नंतर तिथे एकही उरला नाही.

हे सगळं गिंग्रिच यांनीच केलं असं म्हणणं चूक ठरेल. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतले परंपरावादी गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे सरकले, ही त्याहून मोठी लाट होती. मग गिंग्रिच यांचा वाटा वेगळा कसा काढायचा? टेक्सास विद्यापीठातले शॉन थेरियॉल्ट यांनी नामी वाट काढली. १९७८ नंतर प्रतिनिधिगृहात आलेले आणि पुढे सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, गेलेले रिपब्लिकन त्यांनी वेगळे काढले. हा गट सिनेटमधल्या बाकीच्या रिपब्लिकनांपेक्षा ठळकपणे उजवीकडे निघाला. सिनेटमधल्या ध्रुवीकरणाचा मोठा वाटा याच गटाकडे जातो. पक्ष तोच, सभागृह तेच, फरक फक्त पूर्वीच्या तालमीचा. मला हा पुरावा सगळ्यांत वजनदार वाटतो.

तालीम कशी होती, त्याचे कागद उपलब्ध आहेत. गोपॅक या संस्थेमार्फत गिंग्रिच उमेदवारांना प्रशिक्षणाच्या कॅसेट पाठवत. १९९० मध्ये त्याच संस्थेने शब्दांची यादीच वाटली. विरोधकांसाठी 'भ्रष्ट', 'देशद्रोही', 'रोगट', 'ऱ्हास'. स्वतःसाठी 'स्वातंत्र्य', 'कुटुंब', 'धैर्य'. त्याच वर्षी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरले बुश करवाढ न करण्याचं वचन मोडून डेमोक्रॅटांशी अर्थसंकल्पाचा करार करायला निघाले, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे प्रतोद असलेले गिंग्रिच उघडपणे विरोधात गेले. बुश १९९२ मध्ये हरले. १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी ५४ जागा जादा जिंकल्या, चाळीस वर्षांचं डेमोक्रॅट बहुमत संपलं आणि गिंग्रिच सभापती झाले.

सभापती म्हणून ते चारच वर्षं टिकले. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्याशी अर्थसंकल्पावरून भांडून सरकार आधी ५ आणि मग २१ दिवस ठप्प केलं, पण त्याचा फायदा क्लिंटन यांनाच झाला. कल्याणकारी योजनांच्या सुधारणेसारखे त्यांचे मोठे कायदे झाले ते क्लिंटन यांच्याशी जुळवून घेऊनच. १९९८ च्या निवडणुकीत जागा घटल्या आणि त्यांनी पद सोडलं.

पण राष्ट्राध्यक्षपदाभोवतीचं गणित बदलून गेलं होतं. ज्येष्ठांना सरकारी आरोग्यविमा देणाऱ्या १९६५ च्या मेडिकेअर कायद्याला प्रतिनिधिगृहातल्या जवळपास निम्म्या रिपब्लिकनांनी मत दिलं होतं. २०१० मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्याला एकानेही दिलं नाही. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या करकपातीला एकाही डेमोक्रॅटाने दिलं नाही. १८६८ नंतर १३० वर्षं एकाही राष्ट्राध्यक्षावर महाभियोगाचा ठराव मंजूर झाला नव्हता. १९९८ ते २०२१ या काळात तीन झाले.

राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस ली यांनी सिनेटच्या मतदानातून आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या विषयात उजवं-डावं असं काही नसतं, त्यातही राष्ट्राध्यक्षाने तो हाती घेतला की पक्ष जास्त फाटतात. कारण त्याचं यश म्हणजे दुसऱ्या पक्षाचं निवडणुकीतलं नुकसान. देशातला सर्वांत वजनदार आवाज ज्या कामामागे उभा राहतो, तेच काम त्यामुळे अडतं. लोकशाहीसाठी ही फार जड किंमत आहे.

२०१३ मध्ये हे ओबामांनी नीट ओळखलं होतं. स्थलांतर कायद्यातल्या सुधारणेचा मसुदा व्हाइट हाउसकडे तयार होता. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि दोन्ही पक्षांच्या आठ सिनेटरांना पुढे होऊ दिलं. सिनेटने ते विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, १४ रिपब्लिकन बाजूने होते. मग ते प्रतिनिधिगृहाकडे गेलं. तिथले सभापती जॉन बेनर यांनी १९९४ चा निवडणूक जाहीरनामा गिंग्रिच यांच्याबरोबर बसून तयार केला होता. त्यांनी ते मतदानाला आणलंच नाही.