मामींची मिनरलची बाटली

गेल्या उन्हाळ्यात इंदूरला रामबागेत एका मुंजीला गेलो होतो. मामी नातवाला म्हणाल्या, "पिंपातलं पाणी नको रे बाळा, मिनरलची बाटली घे." बाटली उलटून पाहिली, तर तिच्यावर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असं छापलेलं. मामींना दोष कसा द्यायचा? सीलबंद पाणी दिसलं की आपण सगळेच त्याला सरसकट मिनरल म्हणतो. पण ही दोन पाणी वेगळी आहेत, आणि त्यांची भारतीय मानकंही वेगळी: मिनरल वॉटरचं आयएस १३४२८, पॅकेज्ड पाण्याचं आयएस १४५४३.

पॅकेज्ड पाणी कुठूनही घेता येतं: बोरिंग, नदी, नळ, अगदी समुद्रसुद्धा. ते बहुधा आरओमधून काढतात. त्यात घाणीबरोबर क्षारही जातात, मग चवीपुरते थोडे परत मिसळतात आणि ओझोन किंवा अतिनील किरणांनी जंतू मारतात. इंदूरच्या सांवेर रोडवरल्या कारखान्यात भरलं काय नि पुण्यात भरलं काय, फारसा फरक पडत नाही. पाणी कुठलं यापेक्षा त्यावर काय केलं, हे इथे महत्त्वाचं. नीट केलं असेल तर ते उत्तम पाणी आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही.

नैसर्गिक मिनरल वॉटरचं सगळं मोल मात्र जागेत आहे. डोंगरावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षं खाली झिरपतो, वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतो आणि जमिनीखाली साठतो. ते पाणी उगमाजवळच बाटलीत भरावं लागतं. त्यातले क्षार काढायचे नाहीत, वरून घालायचेही नाहीत. गाळणं आणि हवा देऊन लोहासारखे घटक वेगळे करणं, एवढी मुभा असते. क्षारांचं प्रमाणही ऋतू बदलला तरी साधारण तेच राहायला हवं. म्हणून ‘हिमालयन’च्या बाटलीमागे हिमाचलमधल्या सिरमौर जिल्ह्यातलं धौलाकुआँ हे गाव आहे, आणि ‘एव्हियाँ’च्या मागे जिनिव्हा सरोवराकाठचं त्याच नावाचं फ्रेंच गाव.

लेबलवरच्या चित्रांनी मात्र मोठा घोटाळा केला आहे. बर्फाचं शिखर, खळाळता ओढा पाहून वाटतं, हेच पाणी आत असेल. उघड्यावर वाहणारं पाणी मिनरल वॉटर होऊच शकत नाही. खडकाखाली झाकलेलं, वरच्या घाणीपासून राखलेलं पाणीच त्यासाठी चालतं, आणि पुष्कळदा ते बोअर घेऊनच वर आणतात.

आपल्या नर्मदेचंच बघा. तीही अमरकंटकच्या कुंडात उगम पावते. पण इंदूरसाठी तिचं पाणी जिथून उचलतात त्या जलूदपर्यंत पोचताना तिला कितीतरी उपनद्या, गावं आणि धरणं भेटतात. १९७८ पासून इंदूरला येणारं तिचं पाणी जवळपास ७० किलोमीटर दूरवरून, विंध्याचा चढ चढवून आणतात, आणि शुद्ध केल्याशिवाय ते नळाला सोडता येत नाही. महूजवळच्या जानापावच्या कुंडावर गेलात तर श्रद्धेने हात जोडा, मीही जोडतो. पण झऱ्याचं आहे म्हणून ते तसंच ओंजळीने लेकरांना पाजू नका.

आता किमतीचं. गीझरच्या कॉइलवर आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर बसवणारे, डाळ शिजू न देणारे बोरिंगच्या पाण्यातले क्षार आणि महागड्या बाटलीवर कौतुकाने छापलेले क्षार मुख्यतः एकच: कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. एव्हियाँच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम सुमारे ८० मिलिग्रॅम असतं. २०० मिलिलिटर दुधात याच्या जवळजवळ तिप्पट. तेव्हा हाडांसाठी म्हणून कुणी ही बाटली घेत असेल तर मला खरंच वाईट वाटतं. चवीसाठी घ्या, त्या डोंगराची चव त्यात असते, आणि शेजारी साधं आरओचं पाणी ठेवून घोट घोट घेतलंत तर फरक जिभेला लगेच कळतो.

मामींना मी त्या दिवशी एवढंच दाखवलं: पुढच्या मोठ्या नावाकडे बघू नका, बाटली फिरवा. ‘नॅचरल मिनरल वॉटर’ हे शब्द आणि उगमाचं ठिकाण शोधा. मामींनी चष्मा लावून टेबलावरच्या चार बाटल्या एकेक करून वाचल्या. चारही पॅकेज्डच निघाल्या. नातू तोवर अर्धी बाटली पिऊन पळाला होता, आणि त्या पाण्यातही काही वावगं नव्हतं.