नुसतं बोलून कळतं कसं?

मानसोपचारतज्ज्ञांना भेटून बाहेर पडलेल्या घरच्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "अर्धा तास नुसतं बोलले. रक्त तपासलं नाही, फोटो काढला नाही, मग डिप्रेशन आहे हे कळलं कसं?" साध्या तापालाही रिपोर्ट मागायची सवय लागलेल्या पुण्यासारख्या शहरात ही शंका रास्तच आहे. तिचं नीट उत्तर मिळालं नाही, तर माणसं दुसऱ्या भेटीला जात नाहीत आणि उपचार तिथेच तुटतात.

नैराश्य (म्हणजेच डिप्रेशन), स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा आजार) किंवा ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार) पक्कं ठरवणारी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही, एमआरआयमध्येही हे आजार दिसत नाहीत. ते बोलणं हीच तपासणी असते. ती किती काटेकोर असते, हे समोर बसलेल्याला सहसा जाणवत नाही.

समजा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा चोवीस वर्षांचा मुलगा आहे. पूर्वपरीक्षा दोनदा हुकली. अभ्यासिकेत जाऊन बसतो, पण पान उलटत नाही. मेसचा डबा अर्धा तसाच राहतो. डॉक्टर विचारतात, "झोप लागायलाच वेळ लागतो, की पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही?" पहिलं उत्तर चिंतेकडे झुकतं, दुसरं नैराश्याकडे. "मित्र मॅच बघायला बसले तर तुला बसावंसं वाटतं का?" हा प्रश्न क्रिकेटबद्दल नसतो. पूर्वी ज्यात रमायचा, त्यातला रस गेला आहे का, हे त्यातून तपासायचं असतं. अमेरिकी निकषांप्रमाणे नैराश्याची नऊ लक्षणं ठरलेली आहेत. त्यांपैकी किमान पाच, आणि त्यांत उदास मन किंवा रस जाणं यातलं एक तरी, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, सलग दोन आठवडे असावी लागतात. शिवाय त्यामुळे काम, अभ्यास, नाती यांचं नुकसान होत असलं पाहिजे किंवा माणूस त्या त्रासाने हैराण झालेला असला पाहिजे. निकालानंतरचे चार वाईट दिवस यात बसत नाहीत.

"मरून जावं असं वाटतं का?" हेही स्पष्ट विचारलं जातं. घरच्यांना धस्स होतं. पण विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनातून दिसलेलं आहे. कुणीतरी एकदाचं विचारलं, याने उलट अनेकांना हायसं वाटतं.

मग येतो मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: "याच्या अगदी उलट कधी झालं होतं का? झोप दोन तास, तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा?" मुलगा नाही म्हणतो. खोटं बोलत नसतो तो, ते दिवस त्याला आजाराचे वाटलेलेच नसतात. म्हणून डॉक्टर गावाकडच्या मोठ्या भावाला फोन लावतात. भाऊ सांगतो, "बारावीनंतर दोन-तीन आठवडे असाच होता की! रात्र रात्र जागा, उसने पैसे काढून बाइक घेतली, कुणी काही बोललं की अंगावर धावून जायचा." केसपेपरवर निदानाचा संकेत म्हणून एफ ३२ लिहिलं जाणार होतं, तिथे आता एफ ३१ येतं. एफ ३२ म्हणजे नैराश्य, एफ ३१ म्हणजे बायपोलर, कधी नैराश्य तर कधी त्याच्या अगदी उलट उन्माद असा आजार. एका आकड्याचा फरक, पण औषधं बदलतात. बायपोलर असलेल्याला नुसती नैराश्यावरची गोळी दिली, तर तो उन्मादात जाण्याचा धोका असतो. भावाच्या त्या फोनने जे कळलं, ते कुठल्याही लॅबमध्ये कळलं नसतं.

रक्त तपासायला सांगतातही, पण ते दुसऱ्या कारणासाठी. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त, उदास होतो. ते जास्त झालं की छातीत धडधड, घाम, अस्वस्थपणा येतो, जणू पॅनिक ॲटॅकच. बी-१२ची कमतरता शाकाहारी घरांमध्ये बरीच आढळते, तिचाही मनावर परिणाम होतो. आजोबा काल ठीक होते आणि आज अचानक भलतंच बरळायला लागले, तर ते वेड नव्हे. सोडियम घसरलं असेल, लघवीचा जंतुसंसर्ग असेल. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठावं. शरीरातलं कारण आधी बाजूला काढायचं, हा निदानाचा पहिला नियम आहे.

हे निकष काही आकाशातून पडलेले नाहीत. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानांची तुलना झाली. त्याच रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवल्या, तेव्हा अमेरिकी डॉक्टर स्किझोफ्रेनियाचं निदान कितीतरी सढळपणे करतात असं दिसलं. ठरावीक प्रश्नांची एकसारखी मुलाखत घेतली, तेव्हा दोन शहरांतला फरक बराचसा विरला. या अनुभवामुळे स्पष्ट निकषांचा आग्रह वाढला. १९८० साली अमेरिकेची डीएसएम-३ ही निदानपुस्तिका लक्षणांच्या नेमक्या याद्या घेऊन आली. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी ही दुसरी मोठी वर्गवारी. एफ ३१, एफ ३२ हे संकेत तिच्या दहाव्या आवृत्तीतले. अकरावी आवृत्ती २०२२पासून लागू झाली आहे.

तरीही सगळं सुटलेलं नाही. २०१३च्या डीएसएम-५ आधीच्या चाचण्यांत दोन डॉक्टरांचं एकाच रुग्णाबद्दल कितपत जमतं हे मोजलं. शून्य म्हणजे केवळ योगायोगाने जमावं तितकंच, एक म्हणजे पूर्ण एकमत. आघातानंतरच्या तणावविकाराला ०.६७ मिळाले, नैराश्याला फक्त ०.२८. नैराश्य चिंतेत, व्यसनात, शारीरिक दुखण्यात इतकं मिसळलेलं असतं की हा आकडा समजण्यासारखा आहे. पण तो मान्य करायला हवा. निदान पुढच्या भेटींमध्ये बदललं, तर डॉक्टर चुकले असं लगेच समजू नये.

आजार कशाला म्हणायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. देवीच्या जागरणात, गोंधळात एखाद्या बाईच्या अंगात येतं, कार्यक्रम संपला की ती चहा पिऊन घरी जाते. समाजाला ओळखीचं आणि विधीपुरतं असेल, तर निकषांनुसार तो विकार नाही. नको असताना, भलत्या वेळी होऊ लागलं आणि त्याने संसार विस्कटला, तर तपासायला हवं. समलैंगिकता १९७३पर्यंत अमेरिकी यादीत विकार म्हणून होती. ती काढली गेली, हे या शास्त्राने स्वतःला दुरुस्त केल्याचं ठळक उदाहरण आहे. आपला २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो, की कुणी समाजाच्या नीतिकल्पनांना जुमानत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. पळून जाऊन लग्न करणाऱ्या मुलीला घरचे 'डोकं फिरलंय' म्हणतात, तेव्हा हे कलम आठवावं.

मोबाइलवर फिरणाऱ्या प्रश्नावल्यांबद्दल एवढंच, की त्यांतली पीएचक्यू-९ ही नैराश्याबद्दलची नऊ प्रश्नांची प्रश्नावली खरंच शास्त्रीय आहे. २७पैकी १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटावं, असा तिचा अर्थ. ती निदान करत नाही. भावाला फोन कोण लावणार?

२०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. पुण्यात ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे दाखवायला जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे. पहिल्या भेटीला सोबत राहणारं कुणीतरी न्या, सगळी चालू औषधं न्या, त्यात काढे आणि चूर्णंही आली. जुने कागद न्या. दारू, तंबाखू, गांजा, जे असेल ते खरं सांगा. घराण्यात कुणाला असा त्रास होता का, हे आत्याला नाहीतर मामीला आधीच विचारून ठेवा. जाणं लगेच जमत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.