न्यूट घेताना पोटाचा रंग नव्हे, कातडी बघा

पोट लालभडक दिसलं की न्यूट (टाकीत पाळतात तो पालीसारखा दिसणारा उभयचर) ठणठणीत, असा नव्याने पाळणाऱ्यांचा समज असतो आणि विकणारे तो खोडून काढत नाहीत. चिनी आणि जपानी फायर-बेली न्यूटच्या बाबतीत गोष्ट बरेचदा उलटी असते. तो लाल-केशरी रंग कॅरोटिनॉइडचा. ही रंगद्रव्यं न्यूटला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातून यावी लागतात. डबक्यातल्या बारीक कवचधारी जीवांमध्ये ती भरपूर असतात. टाकीत वाढलेल्या पिल्लाला हा खुराक कमी पडतो, म्हणून त्याचं पोट पिवळट किंवा फिकट केशरी राहतं. फिकट पोट म्हणजे आजार नव्हे. उलट, पिल्लू पाळीव जोडीपासून जन्मलेलं असण्याची शक्यता त्यावरून वाढते. लालजर्द पोटाचा प्रौढ न्यूट मात्र कुठल्या तरी ओढ्यातून पकडून, गर्दीत कोंबून आणलेला असू शकतो.

न्यूट दिसतो पालीसारखा, पण तो उभयचर आहे, बेडकाच्या नात्यातला. अंगावर खवले नाहीत, बोटांना नख्या नाहीत. आपल्याकडे पाल दुधात पडली की सगळं घर विषबाधेच्या धास्तीने हवालदिल होतं, अंगावर पडली तर पंचांगात फळ शोधलं जातं. घरातली पाल विषारी नसते. विष असतं ते या गोजिरवाण्या न्यूटच्या कातडीत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खरखरीत कातडीच्या न्यूटमध्ये टेट्रोडोटॉक्सिन इतकं असतं, की १९७९ साली ऑरेगनमध्ये पैजेखातर तो गिळणारा २९ वर्षांचा माणूस त्याच दिवशी दगावला. पाळीव जातींतही हे विष कमीअधिक असतं. हात लावल्याने काही होत नाही. हात लावल्यावर साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका, एवढं पुरे.

सह्याद्रीत न्यूट नाहीत. भारतात ते दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडे आढळतात, आणि हिमालयन न्यूटला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तो कुणी विकायला काढला तर घेऊ नये. त्यामुळे पुढचा मजकूर प्रामुख्याने अमेरिका-युरोपात राहणाऱ्या वाचकांसाठी आहे, कारण तिथे न्यूटची रीतसर पैदास करणारे हौशी लोक आहेत.

आता कातडी. न्यूटला फुप्फुसं असतात, पण श्वसनाचं बरंच काम कातडी करते. कार्बन डायऑक्साइड तर बहुतांश तिच्यातूनच बाहेर जातो. त्यासाठी ती पातळ आणि ओलसर असावी लागते, आणि पातळ असल्यामुळे तिच्यातून पाणीही आरपार जातं. न्यूटच्या रक्तातलं क्षारांचं प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण पाव ते पंचमांश. बाहेरचं गोडं पाणी त्याहून कितीतरी विरळ. शाळेत शिकलेला परासरणाचा नियम इथे अहोरात्र चालू असतो: पाणी आत घुसतं, क्षार बाहेर झिरपतात. आलेलं पाणी मूत्रपिंडं पातळ लघवीच्या रूपात फेकतात, पण त्याबरोबर थोडे क्षारही जातात. ही तूट भरून काढते पुन्हा कातडीच. तिच्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला सोडियमपुरत्या बारीक वाटा असतात. आतल्या बाजूला एक प्रथिन-पंप असतो, तो दर खेपेला तीन सोडियम रक्ताकडे ढकलतो आणि दोन पोटॅशियम पेशीत ओढतो. पेशीत सोडियम सतत कमी राहतं, म्हणून बाहेरच्या विरळ पाण्यातलं तुटपुंजं सोडियमही त्या वाटांनी आत खेचलं जातं. डॅनिश शास्त्रज्ञ हान्स उसिंग यांनी १९५०च्या सुमारास हे बेडकाच्या कातडीवर मोजून दाखवलं. कातडीच्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं मिठाचं द्रावण ठेवलं आणि दोन्हींमधला विद्युतदाब शून्यावर आणला, म्हणजे ढकलणारं बाहेरचं कारण उरलं नाही. तरीही प्रवाह वाहतच राहिला. तो होता आत जाणाऱ्या सोडियमचा.

हे एकदा ध्यानात आलं, की विक्रेत्याकडे काय बघायचं ते पाठ करावं लागत नाही. पंप बिघडला किंवा मूत्रपिंडं थकली, तर पाणी आत साचतं: पोट, गळा, मांड्या फुगतात आणि न्यूट पाण्यात तिरका तरंगतो. फुगलेला न्यूट ‘गुटगुटीत’ म्हणून खपवला जातो, तेव्हा शेपटीचं बूड बघा. नीट खाणाऱ्या न्यूटचं बूड भरलेलं असतं. पोट टम्म पण शेपूट काटकुळी आणि कमरेची हाडं वर आलेली असतील, तर आत पाणी आहे, मांस नाही. फायर-बेलीसारखी पाण्यात राहणारी प्रौढ जात सतत काचेवर किंवा दगडावर चढून बसत असेल, तर पाणी तिला सोसत नाहीये. अमोनिया, उष्णता नाहीतर कातडीचा आजार यांपैकी काहीतरी आहे. न्यूट ठरावीक काळाने कात टाकतो आणि बहुधा स्वतःच खातो. ती फाटक्या पट्ट्यांसारखी अंगावर लोंबत राहिली, तर ते वाईट लक्षण. नाकाच्या टोकावरचे व्रण, मांड्यांच्या आतली लाली, कापसासारखी पांढरी बुरशी, बारीक काळसर खड्डे, यांतलं एकही दिसलं तर त्याच टाकीतला दुसरा ‘चांगला’ न्यूटही घेऊ नका, पाणी एकच आहे. एखादं बोट तुटलेलं असेल आणि जखम भरलेली असेल, तर चालेल, न्यूटला बोट पुन्हा फुटतं. मात्र टाकीत मासे किंवा दोन-तीन जातींचे न्यूट एकत्र ठेवलेले असतील, तर तिथून निघा.

मग विक्रेत्याला समोर खायला घालायला सांगा: गांडुळाचा तुकडा किंवा वितळवलेले ब्लडवर्म (गोठवून विकतात त्या लाल अळ्या). भुकेला निरोगी न्यूट वास लागताच वळतो आणि झडप घालतो. ओल्या हाताने अलगद उताणा केला, तर क्षणात पालथा होतो. जन्म कधीचा, आईबाप कुणाकडे आहेत, रोज काय खातो, हे विचारा. पैदास करणारा घडाघडा सांगेल. नुसता आणून विकणारा जातीचं नावही चुकवतो. ओढ्यातल्या थंड वाहत्या पाण्यातले भांडखोर पॅडलटेल न्यूट ‘मोठे फायर-बेली’ म्हणून विकले गेले आहेत. फायर-बेलीची अगदी लहान पिल्लं घेऊ नका. ती बरेच महिने जमिनीवर राहतात, पाण्याला बिचकतात आणि हलणारंच भक्ष्य खातात. वर्षभराचं, मेलेलं खाद्य घेणारं पिल्लू घ्यावं. पहिल्यांदाच पाळणार असाल तर स्पॅनिश रिब्ड न्यूट उत्तम: प्रयोगशाळांत पिढ्यानपिढ्या वाढलेला, काटक आणि खादाड. पण तो वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, जोडीला निदान ७५ लिटरची टाकी लागते.

टाकी न्यूटच्या आधी तयार हवी. स्पंज फिल्टर लावून चार ते सहा आठवडे चालवा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत. तापमान १५ ते २० अंश. १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि शरीराची गरज मात्र दुपटीच्या पुढे गेलेली असते. म्हणून मुंबई-पुण्याच्या मे महिन्यात चिलरशिवाय हा छंद म्हणजे प्राण्याचा छळ आहे. शुद्ध म्हणून निव्वळ आरओचं पाणी घालू नका. त्यात सोडियम जवळपास नसतंच, मग पंप ओढणार काय? नळाचं पाणी घ्या, पण क्लोरीन काढून टाकून. रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन जातो, अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या पाण्यातली क्लोरामाइन जात नाही. तिला औषधाचे थेंबच लागतात. तोंडात मावेल एवढी बारीक खडी नको, न्यूट ती गिळतो. झाकण घट्ट हवं, कारण ओला न्यूट काचेवरून सरळ वर चढतो.

इतकं बघूनही एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. नेदरलँड्समध्ये २०१० नंतरच्या तीन वर्षांत फायर सॅलॅमँडर या न्यूटच्या नात्यातल्या उभयचराची संख्या ९६ टक्क्यांनी घसरली. कारण ठरलेल्या बुरशीला २०१३ साली बॅट्राकोकायट्रियम सॅलॅमँड्रिव्होरन्स हे नाव मिळालं. पाळणारे तिला ‘बीसाल’ म्हणतात. ती कातडीच खाते, आणि १० ते १५ अंशांत, म्हणजे न्यूटला मानवणाऱ्या गारव्यातच, जोमाने वाढते. तिचं मूळ आशियात. तिथल्या काही जाती ती अंगावर बाळगून वरकरणी धडधाकट राहतात आणि व्यापारातून ती युरोपात पोचली. म्हणूनच अमेरिकेने जानेवारी २०१६मध्ये सॅलॅमँडरच्या (न्यूटही त्यांतच मोडतात) २० वंशांमधल्या मिळून २०१ जातींची आयात रोखली. फायर-बेली त्यातच येतो.

तेव्हा नवा न्यूट ६० ते ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या टाकीत ठेवा. तळाला वाळू नको, लपायला एक फुटका कप आणि थोडं शेवाळ पुरे. त्याची जाळी, बादली, पाइप दुसऱ्या टाकीत जाता कामा नयेत, आणि काम आधी जुन्या टाकीचं, मग नव्याचं. या काळात पशुवैद्याकडून पोट आणि पायांच्या तळव्यांवर कापसाची काडी फिरवून पीसीआर चाचणी करून घ्या. चाचणीत बीसाल निघाली, तर २५ अंशांना सलग दहा दिवस ठेवून ती मारता येते, पण ही उष्णता सगळ्या जातींना सोसत नाही, म्हणून हा उपाय स्वतःच्या मनाने करू नये. या टाकीचं पाणी ब्लीच मिसळूनच टाकायचं, ओढ्यात किंवा पावसाळी गटारात कधीच नाही. आणि न्यूट मेलाच, तर त्याला फ्रीझरमध्ये नव्हे, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ओल्या कागदात गुंडाळून बंद डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. गोठवल्यावर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचे काय झाले ते नीट कळत नाही.