स्वर डोक्यात कसे साठतात: ‘रिकाम्या जागे’च्या वादाची पार्श्वभूमी

बोलणं ऐकताना शब्द ओळखायचा म्हणजे कानावर आलेला आवाज डोक्यात साठलेल्या कशाशी तरी जुळवायचा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. वाद आहे तो साठलेलं हे ‘काहीतरी’ किती तपशीलवार असतं यावर. गेली तीस-पस्तीस वर्षं हा वाद बराचसा स्वरांवरून चाललाय आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग बंगालीवर झालाय, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.

उच्चार वेगळा आणि हिशेबात धरलेलं रूप वेगळं, ही कल्पना आपल्याकडे जुनीच. ऱ्हस्व ‘अ’ बोलताना संवृत, म्हणजे तोंड कमी उघडून बोललेला, असतो आणि ‘आ’ विवृत, म्हणजे उघडा, पण दोघं सवर्ण, म्हणजे एकाच गटातले, ठरायला हवेत म्हणून पाणिनीच्या अष्टाध्यायीत सगळीकडे ‘अ’ विवृत धरलाय, आणि अगदी शेवटच्या ‘अ अ’ या सूत्राने तो परत संवृत केलाय. अर्थात तिथे प्रश्न व्याकरणाच्या सोयीचा होता, ऐकणाऱ्याच्या डोक्याचा नाही.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला १९५२ मध्ये. अमेरिकेत ७६ जणांकडून, म्हणजे पुरुष, बायका आणि मुलं मिळून, इंग्रजीतले दहा स्वर प्रत्येकी दोनदा बोलून घेतले आणि त्यांचे फॉर्मंट, म्हणजे स्वराच्या आवाजात ठळक असणाऱ्या कंपनसंख्या, मोजले. एका स्वराचा पट्टा दुसऱ्यावर सर्रास चढलेला निघाला, एका माणसाचा एक स्वर मोजमापात दुसऱ्याच्या वेगळ्याच स्वराच्या जागी बसत होता, तरी ऐकणारे बहुतेक वेळा बरोबर ओळखत होते. १९५७ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: शब्द तोच ठेवला आणि त्याच्या आधीच्या वाक्याचे फॉर्मंट वर-खाली सरकवले, तर लोकांना त्या शब्दात वेगळाच स्वर ऐकू येतो. म्हणजे कान बोलणाऱ्याचा आवाज बघून मोजपट्टी बदलतो.

यातून दोन टोकाची मतं निघाली. एक गट म्हणाला की डोकं ऐकलेले नमुने सगळ्या छटांसकट, बोलणाऱ्याच्या आवाजासकट ठेवून देतं आणि नवा शब्द त्या ढिगाशी ताडून बघतं. दुसऱ्या गटाचं म्हणणं बरोबर उलटं: शब्द ओळखायला जेवढं लागतं तेवढंच साठतं, आणि जे नियमाने आपोआप येतं किंवा सगळ्यात साधं आहे त्याची नोंदच होत नाही, तिथे जागा रिकामी राहते.

ही रिकामी जागा बऱ्याच लोकांना पटत नाही, म्हणून १९९१ चा प्रयोग नीट समजून घेऊ. बंगालीत तीन प्रकारचे शब्द मिळतात. ‘बाद’मधला आ साधा. ‘बाँध’मधला आ मुळातच अनुनासिक. आणि ‘बान’, म्हणजे पूर, यातला आ मुळात साधा पण पुढच्या न मुळे बोलताना नाकात जातो. ‘बाँध’ आणि ‘बान’ दोन्हीकडे स्वर ऐकायला नाकातलाच, पण पहिल्यात तो शब्दाचा भाग आहे आणि दुसऱ्यात शेजारच्या न चा परिणाम. इंग्रजीत मुळातून अनुनासिक असा स्वरच नाही, तिथे फक्त पहिला आणि तिसरा प्रकार.

लोकांना शब्द तुकड्या-तुकड्याने ऐकवला, आधी थोडा, मग जरा जास्त, आणि दर वेळी विचारलं की कोणता शब्द वाटतोय. आता नमुने पूर्ण साठत असतील तर ‘बान’चा नाकातला आ ऐकल्यावर, पुढचा न यायच्या आधीसुद्धा, ‘बान’ हे उत्तर भरपूर यायला हवं, कारण बंगाली माणसाने तो शब्द जन्मभर नाकातल्या स्वरासकटच ऐकलाय. तसं झालं नाही. न ऐकू येईपर्यंत लोक मुख्यतः ‘बाँध’सारखेच शब्द सांगत राहिले. उलट साधा आ ऐकवला तेव्हा ‘बाद’सारख्या उत्तरांबरोबर ‘बान’सारखीही उत्तरं आली, जरी प्रत्यक्ष बोलताना ‘बान’मधला आ कधी तसा साधा नसतो. याचा अर्थ या मांडणीप्रमाणे सरळ आहे: ‘बान’ची नोंद करताना डोक्याने नाकाचा रकाना रिकामा सोडलाय, म्हणून साधा स्वर त्याला चालतो, आणि नाकातला स्वर मात्र जिथे नोंद आहे त्या ‘बाँध’कडे आधी ओढला जातो.

मला स्वतःला हा युक्तिवाद अजूनही फार ताकदीचा वाटतो, कारण तो इंग्रजीच्या जोरावर उभाच राहू शकत नव्हता, त्याला अनुनासिक स्वर जिवंत असलेली भाषाच लागत होती.

आक्षेप अर्थातच आले. १९९५ मध्ये हिंदी आणि इंग्रजी घेऊन याच धर्तीवर प्रयोग झाला आणि करणाऱ्यांनी निष्कर्ष उलटा काढला, की ऐकणारे नाकाच्या छटेचा व्यवस्थित उपयोग करतात आणि रिकामी जागा मानायची गरज नाही. काहींचा मुद्दा असा की कोणत्या प्रकारचे शब्द भाषेत किती आहेत त्यावरही उत्तरं झुकतात. हा आक्षेप रास्त आहे, पण साध्या स्वराला ‘बान’सारखी उत्तरं का आली याचं उत्तर त्यातून मिळत नाही असं माझं मत.

मग वाद मेंदूच्या लहरींकडे गेला. सारखा एकच आवाज वाजत असताना मध्येच वेगळा आला तर माणसाचं लक्ष नसतानाही मेंदू दचकतो, हे १९७८ पासून माहीत होतं. १९९७ मध्ये फिनिश आणि एस्टोनियन लोकांवर ते स्वरांसाठी वापरलं. एस्टोनियनमधला एक स्वर फिनिशमध्ये नाही, त्याला फिनिश मेंदूचा प्रतिसाद आवाजातल्या फरकाच्या मानाने कमी आला, एस्टोनियनांचा नाही. म्हणजे आपल्या भाषेचा साचा लक्ष न देताही काम करतो. २००४ मध्ये जर्मन स्वरांवर पुढची पायरी. ‘ओ’ सतत वाजवून मध्येच ओठ गोल करून म्हटलेला ‘ए’ टाकला तर दचका मोठा आणि लवकर, अदलाबदल केली तर छोटा. आवाजातलं अंतर दोन्हीकडे तेच, मग फरक कुठून आला? रिकाम्या जागेवाल्यांचं उत्तर तयार होतं: या ‘ए’सारख्या, जीभ पुढे आणून बोललेल्या स्वरांसाठी जिभेच्या जागेची नोंदच नसते, त्यामुळे तो स्वर आधी वाजत असेल तर नव्याने आलेल्या ‘ओ’शी भांडायला साठ्यात काही नसतं.

पण असा एकतर्फी फरक तान्ह्या बाळांतही दिसतो हे तोवर समोर आलं होतं, आणि त्यावर २००३ नंतर वेगळंच स्पष्टीकरण रुजलं: ई, आ, ऊ सारख्या टोकाच्या स्वरांकडे कान मुळातच ओढला जातो, त्यामुळे आतल्या स्वराकडून टोकाकडे गेलेला बदल पटकन कळतो. शब्दांचा साठा नसलेल्या बाळालाही हे लागू पडतं, हीच त्याची ताकद. माझ्या मते ही दोन कारणं एकमेकांना खोडत नाहीत, पण लिहिणारे बहुतेक एकच बाजू धरतात.

याच काळात आणखी एक गोष्ट कळली जिच्याकडे स्वरांच्या साठ्यावर बोलताना दुर्लक्ष होतं. निरर्थक शब्द देऊन एकच ध्वनी बदलून खरा शब्द करा म्हटलं तर लोक व्यंजनापेक्षा स्वर पटकन बदलतात. मराठीत ‘पेणी’ दिलं तर ‘पाणी’ही होतं आणि ‘वेणी’ही, या निष्कर्षाप्रमाणे ‘पाणी’ आधी सुचायला हवं. हे १९९६ मध्ये इंग्रजीत दिसलं आणि २००० मध्ये स्पॅनिश आणि डचमध्येही, आणि या दोन भाषांत स्वरांची संख्या खूप वेगळी आहे तरी कल तोच. स्वर बोलीनुसार, माणसानुसार इतके हलतात की डोकं त्यांना मुळातच जरा सैल धरतं.

२०१४ मध्ये अपस्माराच्या सहा पेशंटच्या मेंदूवर थेट इलेक्ट्रोड ठेवून इंग्रजी वाक्यं ऐकवली तेव्हा कानशिलामागच्या भागातल्या जागा एकेका स्वराला नाही तर ध्वनींच्या गुणधर्मांना प्रतिसाद देताना दिसल्या, स्वरांच्या बाबतीत फॉर्मंटच्या मेळाला. शब्द गुणधर्मांच्या रूपात साठतात असं मानणाऱ्यांना याने बळ मिळालं खरं, पण हे ऐकण्याच्या वेळचं चित्र आहे, साठ्यातल्या रिकाम्या रकान्याबद्दल ते काही सांगत नाही. त्यासाठी पुन्हा बंगालीसारख्याच भाषांकडे यावं लागतं आणि आपल्याजवळ त्यासाठी अगदी चपखल जोडी आहे. गोव्याच्या कोंकणीत ‘ती’ म्हणजे एक बाई आणि ‘तीं’ म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन, तिथे नाकातला स्वर अर्थ बदलतो. प्रमाण मराठीत तो भेद बोलण्यातून गेला आणि १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिण्यातूनही काढले, ‘केलं’वर टिंब उरलं तरी तिथे नाकाचा संबंध नाही. दोन सख्ख्या भाषा, एकीत भेद जिवंत आणि दुसरीत पुसलेला, आणि दोन्ही येणारी माणसं एकाच घरात सापडतात. बंगालीवरचा प्रयोग इथे करायला फक्त शब्दांची यादी, हेडफोन आणि शांत खोली लागेल.