अवर्णित उपजाती (फुलपाखरे)

जातीतील इतर गटांहून ओळखू येण्याइतका वेगळा, पण अद्याप शास्त्रीय नाव न मिळालेला फुलपाखरांचा भौगोलिक गट. उपजातीचे नाव वैध ठरण्यासाठी त्रिपदी नामासह (वंश, जाती व उपजाती अशा तीन शब्दांच्या नावासह) वर्णन प्रसिद्ध व्हावे लागते. १९९९ नंतरच्या नावांना प्ररूप नमुना (ज्यावर ते नाव बेतलेले असते तो नमुना) कोणता व तो कोणत्या संग्रहात आहे, हेही नोंदवावे लागते. ‘ओळखू येण्याइतका’ म्हणजे किती, यावर मात्र एकमत नाही. किमान ७५ टक्के नमुने वेगळे ओळखता यावेत, हा निकष पक्षिशास्त्रातून आला. विल्सन व ब्राउन या कीटकशास्त्रज्ञांनी तर १९५३ मध्ये त्रिपदी नावेच सोडून द्यावीत असे सुचवले. ते टोकाचे वाटते. पण नुसत्या रंगछटेवरून उपजाती मांडू नये, हा त्यांच्या टीकेतला भाग आजही ग्राह्य आहे.

पुणे परिसरात मुख्य अडचण ऋतुरूपांची, म्हणजे एकाच जातीच्या ऋतूनुसार बदलणाऱ्या रूपांची. कर्नल चार्ल्स स्विनहो यांनी मुंबई व दख्खनमधील पतंग-फुलपाखरांवर १८८५ मध्ये लिहिले, त्या सुमारास पावसाळी व कोरड्या ऋतूतल्या रूपांना अनेकदा स्वतंत्र जातींची नावे मिळत. कोलोटिस या फुलपाखरांच्या वंशात अशी बरीच नावे पुढे रद्द झाली. मेलॅनायटिस लीडा या फुलपाखराच्या पंखांखाली पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात, कोरड्या दिवसांत त्याच जातीचे फुलपाखरू वाळक्या पानासारखे दिसते. एकाच मादीच्या संततीत दोन्ही रूपे निघतात, म्हणून ती उपजाती नव्हेत.

खाद्यवनस्पतीचा पुरावाही जपून वापरावा. पॅपिलिओ डेमोलियस या फुलपाखराचे सुरवंट पुण्यात लिंबू, बेल, कढीपत्ता यांवर वाढतात. कुंडीतल्या कढीपत्त्यावरचा लहान सुरवंट पक्ष्याच्या शिटेसारखा दिसतो, मोठा झाला की हिरवा. डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले शिंग काढून उग्र वास सोडतो. याच जातीची ऑस्ट्रेलियातील स्थेनेलस ही उपजाती (मॅक्ली, १८२६) मात्र मुख्यतः शिंबावंत (शेंगा येणाऱ्या वनस्पतींच्या) कुलातील, बावचीच्या वंशातल्या झुडपांवर पोसते. यावरून ‘खाद्य बदलले की उपजाती’ असे अनुमान सुचते. परंतु बावचीवरील नोंदी भारतातही आहेत, तेव्हा भौगोलिक विलगतेला अधिक वजन द्यावे.

पुण्यातून नवी उपजाती मांडायची, तर अंड्यापासून वाढवलेले दोन्ही ऋतूंतले नमुने हवेत, आणि ज्या झाडावर ती वाढली त्याची वाळवलेली फांदीही. चिठ्ठीवर नुसते ‘लिंबू’ लिहिले, तर ते कागदी, ईडलिंबू की माकडलिंबू, हे मागाहून सांगता येत नाही.