कॅथीड्रलमध्ये गाणारी मुलं

मुंबईत ‘कॅथीड्रल’ म्हटलं की बहुतेकांना आधी शाळा आठवते, मग चर्च. खरं तर चर्च आधीचं. फोर्टातलं सेंट थॉमस १७१८ च्या नाताळात उघडलं आणि १८३७ मध्ये त्याला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशप या प्रांताच्या मुख्य धर्मगुरूच्या चर्चचा, दर्जा मिळाला. तिथल्या उपासनेत गायला मुलं हवीत म्हणून १८७५ मध्ये एक क्वायर स्कूल निघाली; क्वायर म्हणजे चर्चमधल्या गाणाऱ्यांचं पथक. पुढे ती आणखी शाळांशी जोडली गेली आणि १९२२ मध्ये आजची कॅथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूल आकाराला आली. शहरातल्या एवढ्या नावाजलेल्या शाळेचं एक मूळ असं मुलांच्या गाण्यात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

गाण्यासाठी मुलं हवीत म्हणून शाळा काढायची, ही रीत इंग्रजांनी बरोबर आणली. त्यांच्याकडे ती फार जुनी. इ.स. ५९७ मध्ये रोमहून निघालेला धर्मप्रसारक ऑगस्टिन इंग्लंडमधल्या कँटरबरीला पोचला आणि त्याच्या मागोमाग चर्चच्या आश्रयाने शाळा आल्या. तिथं लॅटिन आणि गाणं एकत्रच शिकवलं जाई, कारण दोन्ही उपासनेसाठीच लागत. स्त्रियांना त्या जागी गायची मुभा नव्हती, त्यामुळे वरच्या पट्टीचा आवाज मुलग्यांचाच. शतकानुशतकांच्या या इतिहासात एक हिशेब सारखा समोर येतो: शहरानं या मुलांकडून काय घेतलं आणि त्यांना काय दिलं? बराच काळ तो मुलांच्या तोट्याचाच होता. क्वायरचा समाजाला काय उपयोग, असं आज विचारलं जातं. त्याआधी हा हिशेब बघायला हवा.

मध्ययुगात या मुलांना वर्षातून एकदा मोठा मान मिळे. ६ डिसेंबरला, सेंट निकोलसच्या सणाला, ती आपल्यातल्याच एकाला ‘बिशप’ निवडत. २८ डिसेंबरपर्यंत, म्हणजे येशूच्या जन्माच्या वेळी हेरोद राजाने मारलेल्या बाळांच्या स्मरणदिनापर्यंत, त्याचा मान चाले. संध्याकाळच्या उपासनेत मरियेचं स्तोत्र गायलं जातं. बलवंतांना देवाने आसनावरून खाली ओढलं आणि दीनांना वर उचललं, अशा अर्थाची ओळ त्यात येते. त्या ओळीला खरा बिशप उठून उभा राही आणि त्याच्या जागी ते पोर जाऊन बसे. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने १५४१ मध्ये ही प्रथा बंद केली. विसाव्या शतकात हेरफर्ड आणि सॉल्झबरी इथं ती पुन्हा सुरू झाली. स्तोत्रातली ओळ सगळ्या गावासमोर अशी घडताना दिसावी, यापेक्षा मोठं प्रवचन मला सुचत नाही.

इंग्लंडचं चर्च रोमच्या पोपपासून वेगळं झालं, त्या धर्मसुधारणेच्या काळात मठ गेले, लॅटिन गेलं, पण कॅथीड्रलमधला क्वायर टिकला. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थना-पुस्तकाने संध्याकाळच्या दोन जुन्या उपासना एकत्र केल्या आणि ईव्हनसाँग तयार झाली. आपल्याकडे देवळात रोज शेजारती व्हावी, तशी ती. समोर शंभर माणसं असोत की तीन, गाणं होतंच. क्वायरच्या कामाचा कणा आजही हीच रोजची उपासना आहे.

मुलं मिळवायचे मार्ग मात्र नेहमी सरळ नव्हते. राजाच्या चॅपलसाठी, म्हणजे त्याच्या खासगी प्रार्थनागृहासाठी, चांगल्या आवाजाची मुलं कुठूनही उचलून आणायचा परवाना तिथल्या गुरूंना असे. १६०० च्या डिसेंबरात लंडनमध्ये शाळेला निघालेल्या टॉमस क्लिफ्टन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाला असंच भर रस्त्यातून नेलं. गाणं लांबच राहिलं, त्याला ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहातल्या नाटकात कामाला जुंपणार होते. बाप खटपट्या होता. त्याने ओळखीपाळखी लावून मुलाला सोडवलं आणि पुढं स्टार चेंबरच्या न्यायासनापुढं तक्रार केली; त्या तक्रारीमुळेच हा प्रकार आपल्याला कळतो. आपल्या नाटक मंडळ्यांच्या दिवसांत गोड गळ्याच्या पोरांवर सगळ्यांचा डोळा कसा असे, आणि आवाज फुटला की त्यांचं पुढं काय होई, हे ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय त्यांना यातलं काही परकं वाटणार नाही.

मग इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध आलं. १६४४ मध्ये पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला आणि क्वायर विखुरले. १६६० मध्ये राजा परतला, क्वायर पुन्हा भरले, पण गाणारी मुलंच नव्हती. पंधरा-सोळा वर्षं कुणी शिकवलंच नाही, तर येणार कुठून? वर्षभर तरी मुलांच्या ओळी कॉर्नेट या सुषिर वाद्यावर वाजवाव्या लागल्या, नाहीतर मोठी माणसं खोट्या आवाजात त्या गात. ही परंपरा किती नाजूक आहे ते इथं कळतं. मुलाचा वरचा आवाज जेमतेम चार-पाच वर्षं वापरता येतो. अठराव्या शतकात, संगीतकार बाखच्या काळात, जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये तो सोळा-सतराव्या वर्षापर्यंत टिके, आता तेराच्या आसपासच फुटतो. म्हणून क्वायरला दर वर्षी नवी मुलं मागायला गावाच्या दारात उभं राहावंच लागतं. गावाशी नातं तोडून तो जगूच शकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये याच नात्याची दशा झाली होती. मारिया हॅकेट ही तिशीच्या आतली बाई. १८१० मध्ये तिने आपल्या नात्यातल्या एका पोरक्या मुलाला त्या क्वायरमध्ये घातलं. तिथं शिक्षणाचा पत्ता नव्हता. मुलं सांभाळायची कुणी, यावर टोलवाटोलवी. संध्याकाळी त्यांना शहरातल्या मैफिलींत भाड्याने गायला पाठवत, आणि रात्री-अपरात्री ती लंडनच्या रस्त्यांतून एकटी परतत. हॅकेट जुने दस्तऐवज वाचत बसली. त्यात तिला सापडलं की मुलांचं खाणं-पिणं, राहणं आणि शिक्षण ही कॅथीड्रलची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी दात्यांनी शतकांपूर्वी इस्टेटी लावून दिलेल्या आहेत. उत्पन्न येत होतं, मुलांपर्यंत पोचत नव्हतं.

१८११ पासून तिने बिशपला, कॅथीड्रलचा कारभार बघणाऱ्या डीनला, ज्याला त्याला पत्रं लिहायला सुरुवात केली. उत्तरं आली नाहीत तरी ती लिहीत राहिली. फक्त सेंट पॉल्सवर ती थांबली नाही. दर तीन वर्षांत देशातल्या प्रत्येक कॅथीड्रलला एकदा जायचं, असा तिचा नेम होता. रेल्वे यायच्या आधीपासून. गेली की मुलांना एकेक पुस्तक आणि एकेक कोरा करकरीत शिलिंग द्यायची, आणि ती कुठं झोपतात, काय शिकतात, त्यांना काय मिळतं ते विचारून घ्यायची. ही सगळी माहिती तिने १८२७ मध्ये पुस्तकरूपाने छापली. १८७२ मध्ये जॉन स्टेनर सेंट पॉल्सचा ऑर्गनवादक झाला, क्वायर वाढला, आणि कार्टर लेनवर मुलांसाठी नवी निवासी शाळा उभी राहिली. हॅकेट १८७४ मध्ये गेली, नव्वदी ओलांडून. तिने सुरुवात केली त्याला तेव्हा साठाहून अधिक वर्षं झाली होती. सेंट पॉल्सच्या तळघरात तिचं स्मारक आहे. या विषयातल्या मोठमोठ्या संगीतकारांच्या यादीत मी या बाईचं नाव सर्वांत वर ठेवीन. क्वायरचं समाजमूल्य ठरवायचं तर आधी समाजाने मुलांना सांभाळलंय का ते बघावं, हे तिने सगळ्यांच्या आधी ओळखलं.

तिची गरज संपली, असं म्हणायला जागा नाही. जर्मनीत रेगेन्सबुर्गच्या कॅथीड्रलचा मुलांचा क्वायर जगप्रसिद्ध. २०१७ च्या चौकशी अहवालात तिथल्या किमान ५४७ मुलांवर काही दशकांत झालेल्या मारहाणीची आणि लैंगिक अत्याचारांची नोंद आहे. गाणं कितीही उत्तम असलं तरी त्याने या गोष्टीची भरपाई होत नाही.

मुलांचा हा आवाज साऱ्या समाजाचा झाला तो रेडिओमुळे. बीबीसीने १९२६ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधून ईव्हनसाँग प्रक्षेपित केली, आणि १९२८ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातली नाताळची गीतं. तो नाताळचा कार्यक्रम मुळात कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावचा. १८८० मध्ये तिथं कॅथीड्रलचं बांधकाम चालू असताना एका तात्पुरत्या लाकडी चर्चमध्ये तो झाला. किंग्जमध्ये तो १९१८ मध्ये आला, पहिलं महायुद्ध संपल्यावर दीड महिन्याच्या आत. १९१९ पासून नाताळच्या आदल्या दुपारी एक मुलगा साथीविना पहिलं कडवं एकटा गातो. ते कोण गाणार हे आधी सांगत नाहीत, ऐन वेळी क्वायरमास्टर एकाकडे बोट करतो. घराघरांत लोक तो आवाज कानात प्राण आणून ऐकतात. त्यातले कितीतरी एरवी चर्चची पायरी चढत नाहीत.

यानंतर प्रश्न आला हक्काचा. गाव सगळ्यांचं, मग आवाज फक्त मुलग्यांचाच का? सॉल्झबरीने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र क्वायर उभा केला. मुलगे येईनासे होतील, परंपरा बुडेल, अशी ओरड झाली. एकामागून एक कॅथीड्रल त्या वाटेने गेली. सेंट पॉल्समध्ये मुली पूर्ण वेळच्या गायिका म्हणून उभ्या राहायला २०२४ चा जुलै उजाडला. मला हा बदल फार आधी व्हायला हवा होता असं वाटतं.

आपल्याकडच्या जातीच्या भिंतीइतकीच घट्ट तिथली वर्गाची भिंत आहे, कारण बऱ्याच क्वायर स्कूल फी घेणाऱ्या खासगी शाळा आहेत. २०२० मध्ये शेफिल्ड कॅथीड्रलने आपला क्वायर बंद करून, शहरातल्या सर्व थरांतल्या मुलांना सामावून घेईल असा नवा उभारायचं जाहीर केलं, तेव्हा मोठा वाद झाला. हेतू पटण्यासारखा होता. पण तयार मुलं घरी पाठवून सुरुवात करणं मला पटत नाही. एकदा मुलं विखुरली की पुन्हा सहज मिळत नाहीत, हेच १६६० ची आठवण सांगते. लीड्सच्या कॅथलिक कॅथीड्रलने दुसरा मार्ग धरला. २००३ च्या सुमारास तिथले संगीतशिक्षक आठवड्याच्या आठवड्याला सरकारी शाळांच्या वर्गांत जाऊन हजारो मुलांना गायला शिकवू लागले. ज्यांना गोडी लागते ती पुढं क्वायरमध्ये येतात, बाकीच्यांना गाणं मिळालेलं असतंच.

लीड्सबद्दल वाचताना गोवा आठवतो. पोर्तुगीज काळापासून तिथल्या गावोगावच्या चर्चला जोडून संगीताच्या शाळा होत्या. चर्चचा मेस्त्री गावच्या मुलांना सोल्फेज म्हणजे स्वरलिपी वाचून गायला शिकवी, मग हातात व्हायोलिन देई. मुलं रविवारी चर्चमध्ये गात, पण विद्या त्यांच्यापाशी राही. माजोर्ड्याच्या अशाच एका मेस्त्रीचा मुलगा, अँथनी गोन्साल्विस, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि संयोजक झाला आणि प्यारेलालांचा गुरू ठरला. हिंदी गाण्यांमागे वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रांत असे गोंयकार कितीतरी होते. क्वायरचं समाजाला देणं काय, याचं उत्तर आपण रेडिओवर वर्षानुवर्षं ऐकतच आलो आहोत.

सेंट पॉल्स बघायला प्रवाशांना तिकीट काढावं लागतं. संध्याकाळी ईव्हनसाँगला मात्र कुणीही, कुठल्याही धर्माचा माणूस, पैसे न देता जाऊन बसू शकतो. नवं पोर अनुभवी पोराशेजारी उभं असतं. पान उलटलं की मोठा मुलगा ओळीवर बोट ठेवतो आणि धाकटा तिथून गायला लागतो.