राणीच्या हाराचा सोनेरी रंग आला कुठून?

२०१५च्या सुरुवातीला मुंबईत दिव्यांच्या रंगावरून चांगलेच राजकारण पेटले होते. मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे दिवे उतरवून तिथे पांढरे एलईडी बसवले गेले आणि मलबार हिलवरून रात्री खाली पाहणाऱ्यांना आपला 'क्वीन्स नेकलेस', म्हणजे किनाऱ्याच्या वळणावरच्या दिव्यांचा तो राणीचा हार, ओळखू येईना. सोने काढून घेतले आणि ट्यूबलाइट टांगली, असाच एकंदर सूर होता. शिवसेनेने विरोधाचा झेंडा उचलला, तर केंद्रीय ऊर्जामंत्री पीयूष गोयल नव्या दिव्यांच्या बाजूने उभे राहिले. राज्यात सेना-भाजप एकत्र सत्तेत, महापालिकेतही एकत्र, आणि पालिकेची निवडणूक दोन वर्षांवर. भांडण निव्वळ दिव्यांचे नव्हते, हे सांगायला नकोच.

तरीही 'मुंबईचा वारसा गेला' ही हळहळ खरी होती. प्रश्न इतकाच, की तो सोनेरी रंग वारसा झाला कधी?

मुंबईच्या रस्त्यांवर आधी तेलाचे दिवे होते. ७ ऑक्टोबर १८६५च्या संध्याकाळी भेंडीबाजार, एस्प्लनेड आणि चर्चगेट स्ट्रीट या भागांत पहिल्यांदा गॅसबत्त्या लागल्या. दिवे लावणारी माणसे खांबामागून खांब पेटवत निघाली, तशी बघ्यांची गर्दीही त्यांच्या मागोमाग चालत राहिली. विजेचा पहिला प्रयोग १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात झाला. पुढच्या वर्षी पालिकेने मंडईसाठी आणि काही रस्त्यांसाठी एका वीज कंपनीशी करारही केला. पण कंपनीचे दिवाळे वाजले आणि मंडई मुकाट्याने पुन्हा गॅसवर आली. वीज शहरात खऱ्या अर्थाने रुजली ती १९०५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीमुळे. १९४७मध्ये पालिकेने ती ताब्यात घेतली, तीच आजची बेस्ट. शहर भागातल्या रस्त्यांचे दिवे आजही तिच्याकडेच आहेत. उपनगरांत हे काम वेगळ्या वीज कंपन्यांकडे गेले.

मरीन ड्राइव्ह मात्र या सगळ्याच्या मानाने तरुण. समुद्रात भराव घालून तयार झालेल्या या किनाऱ्यावरच्या आर्ट डेको इमारती मुख्यतः १९३०-४०च्या दशकांतल्या. आणि ज्या उच्च दाबाच्या सोडियम दिव्याने हाराला तो सोनेरी रंग दिला, तो जगाच्या बाजारात आला १९६०च्या दशकात! म्हणजे या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा तो दिवा जन्मालाही आलेला नव्हता.

शिवाय हा दिवा कोणी सौंदर्यासाठी निवडला नव्हता. पिवळट उजेडाचा, तारेचा साधा बल्ब एका वॅटला जेमतेम १५ ल्यूमेन (प्रकाश मोजायचे एकक) प्रकाश देतो. निळसर पांढरा मर्क्युरीचा दिवा ५०च्या आसपास जातो. सोडियमचा १००च्या घरात. १९७३च्या तेलसंकटानंतर जगभरच्या नगरपालिका याच आकड्याकडे बघून सोडियमकडे वळल्या. रंग ही त्या बचतीची किंमत होती. या दिव्याखाली लाल गाडी आणि तपकिरी गाडी यांत फरक करता येत नाही, सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. चालू केला की तो आधी मंद उजळतो आणि पूर्ण पेटायला काही मिनिटे घेतो. मध्येच वीज गेली, तर गरम दिवा लगेच पुन्हा लागतही नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांनी त्याला सरसकट 'हॅलोजन' म्हणून टाकले, ते चूकच, पण त्याचा तो नारिंगी उजेड एका पिढीच्या रात्रींचा रंग होऊन बसला. काटकसरीसाठी आणलेला दिवा आठवणीचा विषय झाला, आणि मग पुढच्या काटकसरीने त्याला हलवले.

ही पुढची काटकसर शक्य झाली ती निळ्या प्रकाशामुळे. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, पण निळा तेजस्वी एलईडी १९९०च्या दशकात जपानमध्ये साधला. त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा, थर दिला की पांढरा उजेड मिळतो. थर जसा बदलावा तशी छटा बदलते. उजेड उबदार, म्हणजे पिवळसर, करायचा तर थोडा प्रकाश गमवावा लागतो. सुरुवातीला सगळीकडे लखलखीत पांढरे एलईडी दिसले, त्यामागे हेही एक कारण होते.

भारतात याला वेग आला तो ५ जानेवारी २०१५ला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी साउथ ब्लॉकमधला एक बल्ब बदलून घरगुती आणि रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू केली. काम दिले एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेडला, म्हणजे चार सरकारी वीज कंपन्यांनी मिळून २००९मध्ये उभारलेल्या ईईएसएलला. तिची युक्ती साधी होती: दिव्यांचा खर्च आधी कंपनी करणार, पालिका तो वीजबिलात वाचलेल्या पैशातून काही वर्षांत फेडणार. ऑक्टोबर २०१४च्या हुदहुद वादळाने विशाखापट्टणमची दाणादाण उडवली होती. तिथे काही महिन्यांत ९० हजारांहून अधिक एलईडी लागले आणि हे उदाहरण देशभर दाखवले जाऊ लागले. देशभरासाठी लक्ष्य ठरले १ कोटी ३४ लाख दिव्यांचे. कागदावर कुणाचेच नुकसान नव्हते. प्रत्यक्षात बचत झाली तरी ती पालिकेच्या तिजोरीतून बाहेर पडतेच असे नाही, आणि पुढे ईईएसएलच्या थकबाकीचे आकडे वाढत गेले.

मुंबईने या योजनेला जो हिसका दिला तो पैशाचा नव्हता, नजरेचा होता. गंमत म्हणजे तक्रारदारांची बाजू पुढे तज्ज्ञांनीही काही अंशी उचलून धरली. २०१६मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने सल्ला दिला, की रस्त्यांवर ३,००० केल्विन (उजेडाच्या छटेचे माप; आकडा कमी तितका उजेड पिवळसर) किंवा त्याहून उबदार छटेचेच एलईडी लावावेत, कारण निळसर उजेड डोळ्यांवर येतो आणि झोपेत बाधा आणतो. मरीन ड्राइव्हवर तोवर वाद होऊन पिवळसर छटेकडे परतण्याचे ठरलेही होते. तिथे मग उबदार एलईडी लागले आणि भांडण विझले.

हार मात्र जसाच्या तसा परत आलेला नाही. सोडियमचा दिवा चहूबाजूंनी उजेड फेकतो. काचेच्या भांड्यातून तो वर आकाशात, बाजूच्या इमारतींवर, कठड्यापलीकडच्या पाण्यावर सांडायचा. एलईडीची भिंगे तो वळवून रस्त्यावरच टाकतात. मलबार हिलवरून जो दाट, पसरट हार दिसायचा, त्यातला बराचसा हा सांडलेला उजेड होता. विजेच्या हिशेबात तो वाया गेलेला धरला जायचा, आणि एलईडीने सगळ्यात आधी तोच कापला.